टाइल न फोडता भोकं पाडणं : बाथरूमचे ग्रॅब बार आणि ओट्यावरचा आरओचा नळ

मी जेव्हा हे सगळं शोधत होते तेव्हा मराठीत एका जागी नीट असं काही सापडलं नाही, आणि जे सापडलं ते बहुतेक परदेशातल्या घरांबद्दल होतं, जिथे भिंती लाकडी चौकटीच्या असतात आणि ओट्याखाली कडाप्पा नसतो. आमचं काम संपलंय, आठवणी ताज्या आहेत, तोवर लिहून काढते. कोणाच्या घरी म्हातारं माणूस असेल आणि 'टाइल फुटेल' या भीतीने काम अडलेलं असेल तर उपयोग होईल.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट झालं. डिस्चार्जच्या वेळी फिजिओथेरपिस्टने घरी काय काय लागेल ते लिहून दिलं, कमोडला उंच सीट, न घसरणारी मॅट आणि भिंतीला दोन ग्रॅब बार (धरून उठायचे दांडे), एक कमोडजवळ आणि एक शॉवरजवळ. सीट आणि मॅट लगेच आली. बारपाशी मात्र गाडं अडलं कारण आमच्या बाथरूमला खालपासून वरपर्यंत मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, आणि आधी एकदा आरसा लावायला आलेल्या माणसाने हॅमर मोडवर, म्हणजे फिरता फिरता ठोकेही मारणाऱ्या मोडवर, ड्रिल घातलं तेव्हा टाइलला कोपऱ्यापर्यंत चीर गेली होती. ती चीर अजून तशीच आहे कारण तो डिझाइन नंबर कंपनीने बंद केलाय.

व्हॅक्यूम कपने चिकटणारे बार मिळतात, भोक पाडावं लागत नाही, आमच्याकडे पण दोघातिघांनी तेच घ्या म्हणून सांगितलं. कृपा करून घेऊ नका. तोल सावरायला हात टेकवण्यापुरते ठीक असतील, पण माणूस खरोखर घसरला तर अख्खा भार त्या रबरावर येतो आणि रबर कधी हवा सोडेल ते कळत नाही. बार भिंतीत स्क्रूनेच बसला पाहिजे, यावर मी ठाम होते.

मग माणसं बोलावली. एकाने भोकामागे १५० रुपये सांगितले आणि वर 'टाइल गेली तर आमची जबाबदारी नाही' हेही सांगितलं. दुसरा म्हणाला ताई बिनधास्त राहा, आपण हॅमरने दोन मिनिटांत पाडतो. तिसऱ्याने फोनच उचलला नाही. एका बारला दोन फ्लँज (टोकाच्या, भिंतीला टेकणाऱ्या चकत्या), एका फ्लँजला तीन स्क्रू, म्हणजे दोन बारची मिळून बारा भोकं, आणि बदलायला टाइल नाही. तेव्हाच ठरवलं की हे शिकून स्वतःच करायचं, नवरा मदतीला होताच.

आता सोसायटीची बाजू, कारण वेळ सगळ्यात जास्त तिथेच गेला. आमची डोंबिवलीतली सोसायटी, २०२२ चं पझेशन. ड्रिलिंगची वेळ सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते ६, रविवार आणि सुट्टीचे दिवस बंद. (रात्री १० ते सकाळी ६ बांधकामाची आवाज करणारी मशीन रहिवासी भागात चालवायची नाहीत हा तर ध्वनिप्रदूषणाच्या सरकारी नियमांतच आहे, सोसायटीने परवानगी दिली तरीही.) बाथरूमच्या भिंतीला हात लावायचा तर आधी अर्ज, मग खालच्या फ्लॅटमध्ये गळती झाली तर दुरुस्ती आमच्या खर्चाने करू असं हमीपत्र, आणि ५,००० रुपयांचा परत मिळणारा डिपॉझिट चेक. मी अर्ज डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिला, पण कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदाच होते. सेक्रेटरी काकांना जाऊन भेटले, आईंच्या डिस्चार्ज पेपरची झेरॉक्स जोडली, तेव्हा त्यांनी मीटिंगची वाट न बघता सही दिली. वैद्यकीय कारण असेल तर कागद जोडाच, खरंच फरक पडतो. आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधीच घरी जाऊन सांगितलं की अमुक दिवशी अमुक वेळेला आवाज येईल, त्यांच्या बाथरूमच्या छताचे फोटोही त्यांच्यासमोरच काढून ठेवले म्हणजे नंतर ओल जुनी की नवी यावर वाद नको.

दुसरा कागद म्हणजे प्लंबिंगचा नकाशा. हा बिल्डरच्या ऑफिसकडे असतो आणि पझेशनच्या फायलीत बहुतेक वेळा नसतो. ईमेल केला, उत्तर नाही. आठवडाभराने परत केला, या वेळी फ्लॅट नंबर, पझेशनची तारीख आणि 'कन्सील्ड पाइपचा लेआउट, मास्टर बाथरूम' असं स्पष्ट लिहून. पीडीएफ यायला नाताळ उजाडला. पण आली. त्यात गरम आणि गार पाण्याच्या सीपीव्हीसी लाइन फ्लोअरपासून किती उंचीवर आहेत ते दिलं होतं. जागेवर मिस्त्री नकाशाप्रमाणेच काम करतो असं नाही, म्हणून पडताळा घ्यावा लागतो. गरम पाण्याच्या लाइनसाठी सोपी युक्ती आहे, गीझर फुल तापवून पाच-सात मिनिटं नळ सोडून ठेवायचा आणि हाताच्या मागच्या बाजूने टाइल चाचपत जायचं, जिथून पाइप गेलाय तिथे कोमट पट्टा लागतो. आमचा नकाशापेक्षा चांगला चार बोटं डावीकडे निघाला! गार लाइन अशी सापडत नाही, तिथे मिक्सर, नळ, अँगल कॉक यांच्या बरोब्बर वरचा आणि खालचा उभा पट्टा पूर्ण सोडून द्यायचा, आणि गीझरच्या स्विचच्या वरखालचाही, कारण वायरचा पाइप तसाच सरळ जातो.

आणि कमोडजवळच्या बारची जागा ठरवायला आईंना घरीच खुर्चीवर बसवून उठायला लावलं. फिजिओने दिलेलं माप होतं, पण त्यांचा हात नैसर्गिकपणे जिथे जातो ती उंची दोन इंच खाली आली. फिजिओला फोन करून विचारलं, ती म्हणाली हातच खरा. मग भिंतीवर मास्किंग टेप लावून ठेवली आणि दोन-तीन दिवस आई त्या टेपला हात लावत उठल्या-बसल्या. हे जरूर करा.

आता टाइल. आधी कुठली आहे ते ओळखा कारण त्यावर सगळं अवलंबून आहे. माळ्यावर बिल्डरने सोडलेले काही तुकडे होते. त्याच्या मागच्या बाजूवर पाण्याचा थेंब टाकला. साधी सिरॅमिक वॉल टाइल असेल तर थेंब बघता बघता आत शोषला जातो, व्हिट्रिफाइड असेल तर तसाच बसून राहतो, कारण व्हिट्रिफाइड म्हणजे पाणी शोषण्याचं प्रमाण ०.५ टक्क्याच्या आत असलेली टाइल, तर वॉल टाइलचं १० टक्क्यांच्या वर जातं. आमचा थेंब जागचा हलला नाही. सिरॅमिक असेल तर भाल्याच्या टोकासारखं कार्बाइडचं बिट मिळतं त्याने काम होतं, वरचं ग्लेझ फोडलं की खालचं अंग मऊ असतं. व्हिट्रिफाइडवर ते बिट थोडं खरवडतं, तापतं आणि बोथट होतं.

कारण समजून घेतलं तर पुढचं सगळं आपोआप कळतं, म्हणून थोडं सविस्तर. कठीणपणाच्या मोह्स मापावर संगमरवर ३ च्या आसपास येतो, काच साडेपाच, ग्रॅनाइट ६ ते ७, चांगली व्हिट्रिफाइडही तिथेच. टंगस्टन कार्बाइड ९ च्या आसपास, हिरा १०. मग कार्बाइड चालायला हवं ना? पण भिंतीचं साधं बिट मुळात कापायला बनवलेलंच नाही, ते हॅमरच्या ठोक्यांनी काँक्रीटचा चुरा करतं. टाइल दाब खूप सोसते पण ताण अजिबात सोसत नाही, ठोका बसला की ग्लेझचा टवका उडतो किंवा चीर पळते. दगडावर टाकी मारणारा पाथरवट टवके उडवण्यासाठीच टाकी मारतो, तेच त्याचं काम असतं. आपल्याला एकही टवका नको असतो. म्हणजे ठोकायचं नाही, घासायचं. डायमंडचं कोअर बिट म्हणजे पोकळ नळी, तिच्या कडेला हिऱ्याचे बारीक कण बसवलेले, आणि ती नळी फक्त एक गोल चर घासत खाली जाते, मधला गोळा तसाच राहतो. इजिप्तमध्ये चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वी तांब्याची पोकळ नळी आणि वाळू वापरून ग्रॅनाइटला अशीच भोकं पाडलेली आहेत. तांबं ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी मऊ, पण घासण्याचं काम वाळू करते, नळी नुसती फिरवते. हे वाचलं आणि माझी भीती बरीचशी गेली. ताकदीचा संबंध नाही, वेळ द्यायचा फक्त.

खरेदीला मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गेले. आमच्या भागातल्या हार्डवेअरच्या दुकानात डायमंड कोअर बिट मागितलं की भाल्याचं बिटच पुढे करत होते. मस्जिद स्टेशनला उतरून चालत जाता येतं, सगळी गल्ली हत्यारांची, रविवारी जाऊ नका. तिथे दोन प्रकार दाखवले. एक इलेक्ट्रोप्लेटेड, निकेलच्या थरात हिऱ्याचे कण धरलेले, स्वस्त, ६ पासून १२ एमएमपर्यंतचा सेट मला साडेतीनशेला पडला, पण पाण्याशिवाय वापरायचाच नाही. दुसरा व्हॅक्यूम ब्रेझ्ड, कण जास्त घट्ट आणि जास्त वर आलेले, एकच १० एमएमचं बिट साडेचारशेच्या आसपास. हे ग्राइंडरला लावून कोरडंही चालतं पण त्यासाठी आटे असलेलं घ्यावं लागतं, आणि नवख्याच्या हातात बाथरूममध्ये ग्राइंडर मला अजिबात पटलं नाही. मी ड्रिलच्या चकमध्ये बसणारं गोल दांड्याचं घेतलं, स्वस्त सेट सरावाला आणि ब्रेझ्ड १० एमएमची दोन बिटं खऱ्या कामाला. दुकानदार काकांनी विचारलं कशासाठी, सांगितल्यावर म्हणाले की गिट्टी (स्क्रू धरायला भिंतीत ठोकायचा प्लॅस्टिकचा प्लग) ८ ची लावणार असाल तर टाइलला १० चं भोक पाडा आणि आत भिंतीला ८ चं, म्हणजे भिंतीचं बिट टाइलच्या कडेला लागणारच नाही. या एका वाक्यासाठी डोंबिवलीहून जाणं वसूल झालं. फ्लँजखाली ते जास्तीचे दोन एमएम झाकले जातात.

ड्रिल मशीन घरची कॉर्डलेस, १२ व्होल्टची. पाणी आणि २३० व्होल्टची वायर एकत्र आणायचीच नाही, हा नियम. ज्यांच्याकडे कॉर्डलेस नाही त्यांनी भाड्याने किंवा ओळखीत आणावी.

सराव माळ्यावरच्या तुकड्यांवर, गॅलरीत. तुकडा भिंतीला उभा टेकवून, कारण बाथरूममध्येही उभ्यावरच पाडायचंय, आडव्यावर सोपं वाटतं आणि भिंतीवर हात वेगळा चालतो. पोकळ बिटाला मधे टोक नसतं त्यामुळे सरळ टेकवलं की ते टाइलभर नाचतं. यावर दोन उपाय. एक म्हणजे मशीन साधारण ४५ अंशात तिरकी धरून बिटाची एकच कड टेकवायची, चंद्रकोर उमटली की फिरत्या बिटासकट मशीन हळूहळू सरळ करायची, मग कोरीचं पूर्ण वर्तुळ होतं. दुसरा म्हणजे प्लायच्या तुकड्याला आधी १० चं भोक पाडून तो प्लाय टाइलवर दाबून धरायचा आणि त्यातून बिट घालायचं. मला पहिला उपाय मनगटात बसायला थोडा वेळ लागला, नवऱ्याला दुसराच आवडला. खऱ्या भिंतीवर आम्ही प्लाय वापरला कारण एका फ्लँजची तीन भोकं एकमेकांशी जुळायला हवीत, फ्लँज ठेवूनच प्लायवर तिन्ही खुणा करून घेतल्या.

हॅमरचं बटण बंद आहे ना हे प्रत्येक वेळी बघायचं. दुसरा गिअर, ट्रिगर अर्धा, अंदाजे ८०० ते १,००० आरपीएम. दाब किती? मशीनच्या वजनापेक्षा थोडासाच जास्त. कान उघडे ठेवा, घासलं जातंय तेव्हा एकसारखा खरखर आवाज येतो आणि भोकातून पांढरा चिखल बाहेर येत राहतो. आवाज चढून किंचाळायला लागला आणि चिखल थांबला तर बिट कोरडं पडलंय किंवा चर भरलाय, बिट थोडं बाहेर घ्यायचं, पाणी मारायचं, परत. हिरा हवेत साधारण ७०० अंशांच्या पुढे जळायला लागतो, आणि त्याच्या खूप आधी निकेलची पकड सुटते, टोकाशी तेवढी उष्णता काही सेकंदांत तयार होते. म्हणून स्प्रे बाटली घेऊन दुसरं माणूस हवंच. टाइल संपत आली की चिखलाचा रंग बदलतो, राखाडी होतो, कारण मागचा सिमेंट लागतो. ९ एमएमच्या टाइलला एका भोकाला दोन ते तीन मिनिटं लागतात. कमी लागत असतील तर दाब जास्त होतोय असं समजा. भोकातला गोळा बिटातच अडकून बसतो, बिटाच्या बाजूला खाच असते तिथून बारीक स्क्रूड्रायव्हरने ढकलून काढायचा, तो न काढता पुढचं भोक सुरू केलं तर बिट पुढे जातच नाही.

शनिवार, ११ जानेवारी २०२५ ला सकाळी १० ला बाथरूम. आदल्या दिवशी नाण्याने टाइल वाजवून घेतल्या होत्या, जिथे पोकळ वाजतं तिथे मागे माल भरलेला नसतो आणि ड्रिलच्या दाबानेच टाइल तडकू शकते. शॉवरजवळची एक जागा पोकळ वाजली म्हणून बार तीन इंच सरकवला. टाइलच्या कडेपासून आणि कोपऱ्यापासूनही अंतर ठेवलं, निदान दीड-दोन इंच. बाथरूमचा एमसीबी खाली, मेन कॉक बंद. मास्किंग टेप चिकटवून त्यावर पेन्सिलने खुणा, लेव्हल पट्टी लावून. एन-९५ मास्क आणि चष्मा दोघांनाही. टाइलच्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते, फुफ्फुसात जाऊन बसणारी, पाणी मारलं की ती चिखलातच राहते, पण मास्क तरीही लावाच. कमोडचं झाकण बंद करून वर जुनी चादर टाकली, फ्लोअर ट्रॅपवर फडकं घट्ट बसवलं कारण हा चिखल पाइपात गेला की आत थर बसतो.

पहिल्या भोकाच्या वेळी छातीत धडधडत होतं हे खरं. नवऱ्याच्या हातात मशीन, माझ्या हातात स्प्रे आणि खाली धरलेला स्पंज. चंद्रकोर नाही, प्लायमधून थेट वर्तुळ उमटलं आणि मग तीच ती गॅलरीत ऐकलेली खरखर सुरू झाली. तो गोळा निघाला आणि टेप काढून बघितलं तर कडेला एकही टवका नाही, बोट फिरवलं तरी काही लागत नव्हतं, इतका आनंद झाला की आईंना वॉकरवरून दारापर्यंत बोलावून दाखवलं. मग निवांतपणे एकेक. बिटं आलटून पालटून वापरली, एक मगमधल्या पाण्यात बुडवलेलं, एक मशीनवर. १ वाजता थांबलो, ४ ला परत.

टाइल पार झाली की डायमंडचं काम संपतं. पुढे भिंत काय आहे ते धूळ सांगते. लाल आली तर वीट, राखाडी आणि बिट जेमतेम पुढे जातंय तर आरसीसी, आणि पांढरट, हलकी, टॅल्कम पावडरसारखी भसाभसा आली तर एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंटची मोठी वीट. आमची कमोडमागची भिंत आरसीसी निघाली, तिथे ८ च्या साध्या बिटाने, आता टाइलला स्पर्श होत नसल्यामुळे हॅमर चालू करून, आत ६० एमएमपर्यंत. बिटाला टेप गुंडाळून खोलीची खूण करायची. शॉवरची भिंत ब्लॉकची. ब्लॉकमध्ये साधी गिट्टी ग्रॅब बारसाठी धरू नका, टॉवेल रॉडला ठीक आहे. आम्ही केमिकल अँकर वापरला, सिलिकॉनच्या गनसारख्याच गनने भरायचं दोन भागांचं रेझिन, ट्यूब साधारण ९०० ला मिळाली. भोक पंपाने आणि ब्रशने साफ करणं यातलं सगळ्यात महत्त्वाचं, धूळ राहिली तर रेझिन धुळीला चिकटतं, भिंतीला नाही. मग रेझिन, त्यात ६ एमएमचा आटेवाला एसएस (स्टेनलेस स्टील) रॉड फिरवत घालायचा, आणि ट्यूबवर तापमानाप्रमाणे वेळ लिहिलेली असते तितका वेळ हात लावायचा नाही. आम्ही पूर्ण रात्र सोडलं.

आरसीसीच्या बाजूला गिट्टी घालताना ती टाइलच्या जाडीच्या पलीकडे ढकलायची. तोंडाशीच राहिली तर स्क्रू आवळताना ती टाइलमध्ये फुगते आणि इतकं सांभाळून पाडलेल्या भोकाला शेवटच्या पिळात चीर जाते. भोकात आधी सिलिकॉन भरला, फ्लँजच्या मागेही गोल फिरवला, म्हणजे स्क्रूवाटे पाणी टाइलमागे जायला नको. बार एसएस ३०४ चे घेतले, मोठा २४ इंची आणि छोटा १८ इंची, दोन्ही मिळून २,१००. स्क्रूही एसएसचेच, बारसोबत आलेले साधे स्क्रू बाथरूमच्या ओलीत गंजतात.

अमेरिकेत अपंगांसाठीच्या इमारतींच्या नियमात बारने २५० पौंड, म्हणजे साधारण ११३ किलोचा जोर सोसावा असं आहे. घरात तसं मोजायचं यंत्र नाही. नवरा ८४ किलोचा, सोमवारी त्याने दोन्ही बारना सगळं अंग टाकून लटकून पाहिलं, वेगवेगळ्या बाजूंनी झटके दिले, फ्लँजच्या कडेला मी पेन्सिलची रेघ मारून ठेवली होती ती केसभरही हलली नाही. त्यानंतरच आईंना हात लावू दिला.

ओट्याचं काम पुढच्या शनिवारी, १८ ला. आरओवाल्याने मशीन भिंतीला बसवून दिलं होतं, पण 'ग्रॅनाइटला भोक आम्ही पाडत नाही' म्हणून नळ पिशवीतच राहिला होता. त्या नळाच्या आट्याचा दांडा ७/१६ इंचाचा असतो, म्हणजे ११ एमएमच्या जवळपास, म्हणून १२ चं बिट. जागा निवडताना सिंकच्या कापलेल्या कडेपासून चांगलं अंतर ठेवा, सिंक आणि भिंत यांच्यातली ग्रॅनाइटची पट्टी अरुंद असते आणि दगडाची सगळ्यात कमजोर जागा तीच. आम्ही कोपऱ्याकडे गेलो. खालची ट्रॉली काढून आत टॉर्च मारून बघितलं की कडाप्पाची उभी फळी नेमकी तिथे येत नाही ना.

आडव्या दगडावर काम जास्त सोपं कारण पाणी जागेवर थांबतं. कणकेचा लांब वळ करून खुणेभोवती गोल चिकटवला आणि आत पाणी भरलं, बिट पाण्यातच बुडून फिरत राहतं. सुरुवात तीच, तिरकी, मग सरळ. ग्रॅनाइट एकसारखा नसतो, क्वार्ट्झचा दाणा लागला की बिट रेंगाळतं, फेल्डस्पार लागला की पुढे सरकतं, जोर न वाढवता हात तसाच ठेवायचा. दर अर्ध्या मिनिटाने बिट वर घेऊन पाणी आत जाऊ द्यायचं. १८ एमएमचा दगड, त्याखाली थोडा माल, आणि त्याखाली कडाप्पा, ही महाराष्ट्रातल्या बऱ्याच ओट्यांची रचना. छोट्या डायमंड बिटाची खोली मर्यादित असते, अर्ध्यात गोळा स्क्रूड्रायव्हरने हलकेच तोडून काढावा लागतो. कडाप्पा मुळात चुनखडक, ग्रॅनाइटच्या मानाने खूपच मऊ, शेवटचा टप्पा पटकन होतो आणि त्यामुळेच बाहेर पडताना खालून मोठा टवका उडतो. म्हणून खालून लाकडाची फळी दाबून धरली होती आणि शेवटी दाब जवळजवळ काढूनच घेतला. सगळं मिळून पाऊण तास गेला. दगडाचे दाणे कापलेल्या कडेवर चमकत होते आणि बाजूचं पॉलिश जसंच्या तसं.

तुमचा ओटा ग्रॅनाइटऐवजी कोटा किंवा संगमरवर असेल तर काम हलकं होईल, आतल्या बाजूला लिंबाचा थेंब टाकून ठेवला तर तिथे पॉलिश उतरून डाग पडतो, त्यावरून चुनखडीचा दगड ओळखता येतो. कृत्रिम क्वार्ट्झचा ओटा असेल तर मात्र कोरडं एक सेकंदही चालवू नका. त्यात ९० टक्क्यांच्या वर सिलिका असू शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातलीय, तो कापणाऱ्या कामगारांना तरुण वयात सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होत होता म्हणून. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला, दुकानाच्या दारात बसून पोरं तोंडाला रुमालही न बांधता हे कोरडं कापत असतात. तुमच्या घरी कोणी कापायला आलं तर पाण्याची नळी आणि मास्क आपण द्या, आणि वापरायला लावा.

खर्च साधारण असा पडला : बिटं १,२५०, बार २,१००, अँकर, गन आणि पंप मिळून १,६००, सिलिकॉन, टेप, मास्क, स्क्रू वगैरे सहाशेच्या आत. पैसे वाचवायला हे करू नका, माणूस बोलावला असता तर बारा भोकांची मजुरी १,८०० च्या आसपासच झाली असती. आमच्याकडे प्रश्न टाइलचा आणि आईंच्या भाराचा होता.

डिपॉझिटसाठी सोसायटीने एक महिना गळती नाही हे बघायची अट घातली होती. महिना झाल्यावर खालच्या काकूंकडून 'ओल नाही' असं दोन ओळींचं पत्र घेतलं, त्यांच्या छताचे नवे फोटो जोडले, आणि चेक मार्चच्या मीटिंगनंतर परत मिळाला, तोपर्यंत तो बँकेत टाकलेला नव्हता. फ्लँजचा सिलिकॉन शॉवरच्या बाजूला कडेने थोडा पिवळा पडलाय, पावसाळ्याच्या आधी तो खरवडून नवा भरणार आहे, आणि त्याच वेळी सगळे स्क्रू एकदा हाताने, पॉवर टूल न लावता, तपासून घेणार आहे.